बायोइन्फॉरमॅटिक्समध्ये करिअर करायचंय, राहायचं कुठं? पुणे, बेंगळुरू, हैदराबाद की कोल्हापूरच?

सई_सागरमाळ
नमस्कार मंडळी. माझं एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीचं शेवटचं सेमिस्टर इथं कोल्हापुरातच चाललंय. गेलं वर्षभर आर आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषा शिकतेय, घरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय, आणि लॅबमध्ये पिपेट धरण्यापेक्षा मला बायोइन्फॉरमॅटिक्समध्ये, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर उलगडण्यात, जास्त गोडी आहे हे आता पक्कं कळलंय. पीएचडी करायची की नोकरी, हे अजून ठरलेलं नाही. पण त्याआधीच घरात रोज जेवताना एक विषय निघतो: राहायचं कुठं?

आई म्हणते पुणे, कारण मावशी कोथरूडला आहे. पप्पा म्हणतात, "कॉम्प्युटरचंच काम ना, मग घरी बसून कर की." वर्गातल्या दोन मैत्रिणी बेंगळुरूला निघाल्यात. माझं स्वतःचं मन हैदराबादकडं ओढतंय, कारण तिथल्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या संशोधन संस्थेचे पेपर वाचूनच मला या विषयाचा नाद लागला.

मला शहरांची तुलना नकोय. जे या क्षेत्रात आहेत त्यांनी सांगा, सुरुवातीच्या वर्षांत जागेमुळं खरंच काय बदलतं? घरच्यांना समजावायला मला ठोस काहीतरी हवंय.

बेसपेअर
मूळ इचलकरंजी, सध्या बेंगळुरूत एका जीनोमिक्स लॅबमध्ये, म्हणजे जिथं सजीवांचा जीनोम (सगळा डीएनए) वाचतात तिथं. प्रश्न आवडला म्हणून सविस्तर लिहितो.

"बेंगळुरूला जाते" असं म्हणणं अर्धवट आहे, कारण इथं एकाच नावाखाली चार गावं आहेत. या विषयाच्या संस्था चार दिशांना आहेत. एनसीबीएस उत्तरेला, बेल्लारी रोडवर जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारात. आयआयएससी मल्लेश्वरम-यशवंतपूरच्या बाजूला. आयबीएबी दक्षिणेला पार इलेक्ट्रॉनिक सिटीत. इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉरमॅटिक्स पूर्वेला व्हाइटफील्डला. एका टोकाला काम आणि दुसऱ्या टोकाला खोली घेतलीस तर रोजचे तीन-चार तास रस्त्यावर जातील, आणि मग संध्याकाळच्या सेमिनारला थांबायची ताकद उरत नाही. निम्मं शिक्षण त्या सेमिनारांत असतं. त्यामुळं आधी लॅब किंवा कंपनी, मग तिच्यापासून चालत किंवा एका बसच्या अंतरावर खोली.

इथला फायदा असा की नोकरी बदलायला शहर बदलावं लागत नाही. मेडजीनोम, स्ट्रँड अशा क्लिनिकल जीनोमिक्सच्या कंपन्या आहेत, मोठ्या औषध कंपन्यांची डेटा केंद्रं आहेत. एक दार बंद झालं तर दुसरं त्याच गावात आहे. दोन-तीन वर्षांनी, घरभाडं आणि मित्रमंडळ जमल्यावर, याची किंमत कळते.

पाषाणचा_कागलकर
पुण्याची बाजू मी मांडतो. पुण्यात या विषयाचा सगळा संसार एका पट्ट्यात आहे. पाषाणला एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, तिला लागून आयसर ही विज्ञान संस्था, जवळच महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅकचं कार्यालय, आणि गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था. विद्यापीठाचं बायोइन्फॉरमॅटिक्स सेंटर तर १९८७ पासूनचं, म्हणजे हा शब्द बहुतेकांनी ऐकलाही नव्हता तेव्हापासूनचं. आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे. मी एका संस्थेत आहे, पण दुसऱ्या संस्थेतलं व्याख्यान ऐकायला सायकलवर जातो. बेसपेअरदादांच्या चार गावांपुढं हे मोठं सुख आहे.

कोथरूडहून पाषाण लांब नाही. मावशीकडं पहिले काही महिने राहायला काहीच हरकत नाही. आणि घर २३० किलोमीटरवर. आईची तब्येत बिघडली तेव्हा फोन आल्यावर दुपारी निघून रात्री कागलात होतो.

वडणग्याचा_पैलवान
मला त्या जीनोममधलं काय बी कळत न्हाई. पण एक सांगतो. घरात एकट्यानं जोर-बैठका मारून अंग हुतं, कुस्ती येत न्हाई. त्याला तालीम लागतीया, वस्ताद लागतोय, आन् रोज मातीत पाडणारा जोडीदार लागतोय. पोरी, तुझ्या कामात वस्ताद कुठल्या गावात हाय ते बघ. गाव नंतर.

बेसपेअर
@पैलवान, दादा, एवढ्या ओळी लिहून मला जे सांगता आलं नाही ते तुम्ही सांगितलंत. 🙏

घरून_काम_राजारामपुरी
मी पप्पांच्या बाजूची आहे, म्हणजे थोडीशी. गेली काही वर्षं राजारामपुरीत घरी बसून एका परदेशी कंपनीसाठी पाइपलाइन, म्हणजे डेटा एकेका पायरीनं तपासत नेणारे प्रोग्राम, लिहिते. आरएनए-सीक्वेन्सिंगचा (कुठली जनुकं किती चालू आहेत ते सांगणारा) डेटा त्यांच्या क्लाउडवर असतो, मी नेक्स्टफ्लो या साधनात काम करते. माझ्याकडं चांगलं इंटरनेट आणि एक इन्व्हर्टर, एवढंच लागतं. संध्याकाळी सहा ते दहा मीटिंगा, कारण तेव्हा तिकडं सकाळ असते. सासूबाईंना आता त्याची सवय झालीय, त्या वेळेत कुकर लावत नाहीत.

पण सई, हे मी आधी बाहेर राहून आल्यावर जमलं. घरून काम करणारा माणूस निवडताना कंपनी बघते की याला एकट्याला सोडलं तर हा अडकणार नाही ना. नवख्या माणसाला अडकायचंच असतं, आणि तेव्हा बाजूला कोणीतरी लागतं. आठ-आठ तास चालणारं काम शेवटच्या पायरीला का पडलं, हे शेजारचा सीनियर लॉग फाइल बघून दोन मिनिटांत सांगतो. तेच चॅटवर विचारायला गेलं की काय विचारायचं हेच आपल्याला कळलेलं नसतं.

दुसरं, माणसांचा डेटा. रुग्णांचे जीनोम कोणी लॅपटॉपवर उतरवून घेऊ देत नाही. त्यासाठीचा अर्ज संस्थेच्या नावानं, जबाबदार संशोधकाच्या सहीनं जातो. जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पातला १० हजार भारतीयांचा डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे, तोही असाच मिळतो. म्हणजे घरी बसून सार्वजनिक डेटावर हवं तेवढं शिकता येतं, पण संस्थेचं छत्र नसेल तर या डेटापर्यंत पोचता येत नाही.

कोड_आणि_कट्टा
मला हे पटत नाही. आजच्या काळात आपण अजून "शेजारी बसून शिका" म्हणतोय? यूजगॅलॅक्सी या वेबसाइटवर खातं काढलं की २५० जीबी जागा फुकट मिळते, ब्राउझरमधून सगळी साधनं चालतात. एसआरए आणि जीईओ या सार्वजनिक डेटासाठ्यांवर जगभरचा कच्चा डेटा पडलाय. अल्फाफोल्ड या एआयच्या डेटाबेसमध्ये २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज मोफत आहेत, ज्या कामासाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिकणाऱ्याला आज गावाचं बंधन नाही. जे पैसे पुण्यातल्या भाड्याला जाणार त्यात एक चांगलं मशीन येतं.

लॅबवाली_मावशी
@कोड_आणि_कट्टा, साधनं सगळ्यांना मिळतात हे अगदी खरं, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. अडचण वेगळी आहे. मी वेट लॅबमधली, म्हणजे नमुन्यांवर हातानं प्रयोग करणारी. आमच्याकडं मागं एका बॅचचे नमुने दोन दिवसांत काढले होते, पहिल्या दिवशी रुग्णांचे आणि दुसऱ्या दिवशी निरोगी लोकांचे. विश्लेषण करणाऱ्या मुलाला झकास फरक दिसला, शेकडो जनुकं. तो चहाला आमच्यात बसायचा म्हणून बोलता बोलता ते दिवसांचं बाहेर आलं आणि त्याला कळलं की तो फरक आजाराचा आहे की नमुने काढण्याच्या दिवसाचा, हे आता वेगळं करताच येणार नाही. फाइलमध्ये ही माहिती कुठंच नव्हती. नमुने पुन्हा घेतले. दुसऱ्या गावात बसला असता तर पेपर लिहून मोकळा झाला असता.

सई, जागा निवडताना एवढं बघ की डेटा तयार करणारी माणसं तुझ्यापासून किती पावलांवर आहेत.

कोड_आणि_कट्टा
हा मुद्दा मान्य. बॅच इफेक्ट, म्हणजे नमुने वेगवेगळ्या वेळी हाताळल्यानं दिसणारा फसवा फरक, माहीत होता, पण तो चहाच्या टेबलावर पकडला जातो हे नव्हतं माहीत.

सागरमाळ_सोडू_नका
सगळं ठीक आहे, पण बेंगळुरूत कटाची मिसळ मिळते का, हे कोणी सांगितलंच नाही.

बेसपेअर
मिळते, गोड असते. त्यावर स्वतंत्र धागा काढूया, इथं बोललो तर सई कुठंच जाणार नाही.

पाषाणचा_कागलकर
पुण्यात कोल्हापुरी म्हणून जे देतात त्याबद्दल मीही त्या धाग्यावर सविस्तर लिहीन.

एक_वडील
धागा वाचतोय. माझी मुलगी सईपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, हाच विषय घेतलाय. आम्हा आईवडलांचं म्हणणं कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. आम्ही "घरी बस" म्हणतो ते मुलीला अडवायला नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं, त्यात फेलोशिप वेळेवर येत नाही असं ऐकतो. मोठ्या शहरात एकटी मुलगी, रात्री उशिरापर्यंत लॅब. खर्च कसा भागतो हे कोणी आकड्यांत सांगेल का?

हैदराबादी_शाहूपुरीवाला
काका, मी सांगतो. हैदराबादला पीएचडी करतोय.

जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरच्या टप्प्याची फेलोशिप) झालं की ४२,०००. संस्थेचं वसतिगृह मिळालं नाही तर वर घरभाडं भत्ता. हा भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो, आणि पुणे, बेंगळुरू, हैदराबाद तिन्ही एकाच, एक्स वर्गात आहेत. भत्त्याचा दर सारखा, भाडं मात्र सारखं नाही. म्हणून मी शहराआधी वसतिगृह बघितलं. संस्थेच्या आवारात खोली असेल तर रात्री दोनला लॅबमधून खोलीवर जाण्याची काळजी राहत नाही, मेसचा खर्च बेताचा, आणि घरच्यांनाही झोप लागते.

पैसे उशिरा येतात हे खरं आहे. पहिल्या वर्षी तीन-चार महिन्यांची सोय हाताशी ठेवावी. मुलीला हे आधीच सांगा म्हणजे ती संकोच न करता मागेल.

सई, हैदराबादचं तू म्हणालीस म्हणून: सीसीएमबी आणि सीडीएफडी ही डीएनएवर काम करणारी दुसरी संस्था शहराच्या पूर्वेला, हब्सीगुडा-उप्पल भागात एकमेकांच्या जवळ आहेत. औषध कंपन्यांची डेटाची कामं पश्चिमेला, हायटेक सिटीच्या बाजूला. मधे मोठं शहर आहे, पण निळी मेट्रो पूर्वेच्या एनजीआरआय स्टेशनपासून पश्चिमेच्या रायदुर्गपर्यंत सरळ जाते. पीएचडी पूर्वेला आणि नोकरी पश्चिमेला असं इथं अनेकांचं झालंय. घरी यायला सोलापूरमार्गे रात्रीची बस. लांब पडतं, ते खोटं कशाला सांगू.

एक_वडील
मनापासून आभार. इतकं स्पष्ट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. वसतिगृहाचा मुद्दा लिहून ठेवला.

उसाचा_फड
सगळे बाहेर जायचं बोलताय म्हणून वेगळं लिहितो. मी शिरोळ तालुक्यातला शेतकरी, बीएस्सी ॲग्री. आपल्याकडं निम्म्या रानात को ८६०३२ जातीचा ऊस उभा आहे. त्यातलं "को" म्हणजे कोइम्बतूर, तिथं १९१२ पासून ऊस पैदास संस्था आहे. माणसाच्या जीनोममध्ये डीएनएची ३०० कोटी अक्षरं. उसाच्या जीनोममध्ये सुमारे १,००० कोटी, शंभरावर गुणसूत्रं, आणि एकेका जनुकाच्या अनेक प्रती. आर ५७० या जातीचा जीनोम २०२४ मध्ये कुठं नीट मांडता आला. माणसाचा २००३ ला झाला होता, यावरून समजा काम किती अवघड.

आता सांगा, हा प्रश्न कुणाचा आहे? बोस्टनमधल्या माणसाचा की आपला? कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आहे, पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (व्हीएसआय) आहे. तांबेरा पडला, पांढरी माशी आली की आम्ही कुणाकडं बघायचं? सई, बाहेर जाऊन शिक, पण परत यायला इथं काहीच नाही असं मनात ठेवून जाऊ नकोस.

लॅबवाली_मावशी
+१. वनस्पतींच्या जीनोमिक्समध्ये माणसं खरंच कमी आहेत. सगळ्यांना कॅन्सर हवा असतो.

पॅथॉलॉजीवाला_डॉक्टर
उसाच्या मुद्द्याला जोडून माझा. मी कोल्हापुरात प्रॅक्टिस करतो. जनुकीय तपासणीचे नमुने आम्ही कुरिअरनं बाहेरच्या शहरात पाठवतो, रिपोर्ट ईमेलनं येतो. रिपोर्टात अनेकदा लिहिलेलं असतं की सापडलेल्या बदलाचा अर्थ अनिश्चित. जगातल्या संदर्भ डेटाबेसमध्ये आपल्या लोकांचं प्रमाण कमी, त्यामुळं आपल्याकडं सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदलसुद्धा तिथं दुर्मीळ दिसतो. मागच्या महिन्यात एक बाई तो कागद घेऊन समोर बसल्या होत्या, विचारत होत्या, "म्हणजे माझ्या मुलीला होणार का नाही?" ते नीट समजावून सांगणारं माणूस या जिल्ह्यात मला हवं आहे. आज त्यासाठी वेगळी जागा कुठल्या रुग्णालयात नाही. पण ज्यांनी एखाद्या मोठ्या केंद्रात चार-पाच वर्षं व्हेरियंट, म्हणजे असे जनुकीय बदल, वाचलेत, असं कोणी उद्या इथं आलं तर पहिला फोन मी करीन.

केंब्रिजजवळ_गडहिंग्लजकर
परदेशातून एक निरीक्षण. लोकांना वाटतं की हे काम म्हणजे मोठं शहर. युरोपातलं बायोइन्फॉरमॅटिक्सचं सगळ्यात मोठं केंद्र, ईएमबीएल-ईबीआय, इंग्लंडमधल्या हिंक्स्टन नावाच्या खेड्यात आहे. शेजारीच सँगर इन्स्टिट्यूट, जिथं मानवी जीनोमचा जवळजवळ एक तृतीयांश भाग वाचला गेला. आजूबाजूला शेतं, एक छोटी नदी. आमच्या गडहिंग्लजच्या आठवडी बाजारात त्या गावापेक्षा जास्त माणसं असतात. माणसं राहतात केंब्रिजमध्ये आणि बसनं येतात. तिथं एका आवारात सीक्वेन्सिंग मशीन, डेटा साठवणारे आणि अर्थ लावणारे असे तिघं एकत्र आणले, म्हणून ते खेडं जगाच्या नकाशावर आलं. हे तिन्ही एकत्र असतील तिथं जा, मग ते गाव केवढंही असो.

बाहेर यायचं असेल तर घाई करू नकोस. भारतातून एखादा पेपर आणि गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर नीट लिहिलेला कोड घेऊन आलीस तर दारं सोपी उघडतात. थंडीचं मात्र आईला आधी सांगू नकोस, सांगितलंस तर स्वेटरांनीच बॅग भरेल.

तास_संपला
मी इथं कोल्हापुरातच शिकवते, मुलांना दरवर्षी हेच विचारताना बघते. सई, तू अजून सेमिस्टरमध्ये आहेस, म्हणून व्यवहाराचं सांगते. आत्ता शहर निवडूच नकोस. सहा महिन्यांचा प्रोजेक्ट निवड. त्या काळात ती लॅब, ते शहर आणि ते गाईड तिन्ही कळतात, आणि पटलं नाही तर कुणाचं काही बिघडत नाही. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिपही आहे, दोन महिन्यांची. तिनं आपल्याकडची कित्येक मुलं पहिल्यांदा मोठ्या संस्थेत गेली.

मेल पाठवताना "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड" इथून सुरू करू नकोस. त्यांचा एखादा पेपर घे, त्याचा डेटा जीईओवरून उतरव, त्यातली एक आकृती स्वतः पुन्हा काढ, आणि जुळलं किंवा जुळलं नाही ते चार ओळींत लिही. असा मेल आला तर गाईड वाचतोच. आणि उत्तर देताना तुझी मार्कलिस्ट विचारत नाही.

त्याच लॅबमध्ये आधी असलेल्या मुलांना फोन कर. गाईड आठवड्यातून किती वेळ देतो, पेपरवर नाव कुणाचं आधी येतं, सुट्टी मागितली तर काय होतं. शहराबद्दल दहा जणांना विचारतो आपण, गाईडबद्दल कुणालाच नाही.

घरून_काम_राजारामपुरी
मॅडमशी शंभर टक्के सहमत. शेवटचा परिच्छेद तर छापून भिंतीवर लावावा.

सई_सागरमाळ
सगळ्यांचे खूप आभार. पप्पांना पूर्ण धागा वाचून दाखवला. पैलवानदादांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला, आणि एक_वडील काकांना उत्तर मिळालं तेव्हा ते गप्प बसून ऐकत होते.

आता माझं असं ठरतंय: पुण्यातल्या दोन आणि हैदराबादच्या दोन लॅबना मेल करायचे, तास_संपला मॅडमनी सांगितलं तसे. बेंगळुरू आत्ता नको, तिथं माझ्या आवडीच्या विषयाची जी लॅब आहे तिथून आमच्या कॉलेजची सीनियर नुकतीच परत आलीय, तिच्याशी बोलून मग बघेन. आणि @उसाचा_फड काका, माझ्या आजोबांचंही हातकणंगल्याला उसाचंच रान आहे. तुमच्यामुळं कालपासून आर ५७० चा पेपर वाचतेय.

सई_सागरमाळ
धागा वर काढतेय. पुण्यातल्या एका लॅबचं उत्तर आलं! त्यांच्या पेपरमधली एक आकृती माझ्याकडून जुळत नव्हती, तेच लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, कुठली आवृत्ती वापरलीस? संदर्भ जीनोमची, म्हणजे तुलनेसाठी वापरतात त्या प्रमाण जीनोमची, जुनी आवृत्ती निघाली त्यांची. पुढच्या महिन्यापासून सहा महिन्यांचा प्रोजेक्ट. हैदराबादच्या एकीनं "डिसेंबरात पुन्हा लिही" म्हटलंय, ते लिहिणारच.

वडणग्याचा_पैलवान
आगं शाब्बास! नाद खुळा! पेढं कधी?

पाषाणचा_कागलकर
अभिनंदन सई! मावशीकडून रोज ये-जा करणार की जवळ खोली? जवळ घेणार असशील तर सूसला जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला बघ, आमच्या संस्थेतल्या तीन मुली एका फ्लॅटमध्ये राहतात आणि त्यांची चौथी जूनमध्ये जातेय. विचारून ठेवू का?

सई_सागरमाळ
विचाराच दादा. पहिला महिना मावशीकडं, मग तिथं. आईलाही घेऊन येईन खोली बघायला, नाहीतर ती मान्य करायची नाही.

उसाचा_फड
आईला घेऊन येशील तेव्हा मांजरीलाही एक चक्कर मार. आणि प्रोजेक्टमध्ये उसाचा डेटा लागला तर रानातल्या पानांचे नमुने मी देतो, कुठल्या जातीचे, किती दिवसांचे, कुठल्या वेळी तोडले, सगळं लिहून. लॅबवाली मावशींनी सांगितलेलं लक्षात आहे.